दस्तगीरभाईंचा सलाम

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला सलाम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दस्तगीरभाई. पुणे रस्त्याला लागलं की पुढं ती लोखंडी कमान दिसायची, तिच्यावर ओळीनं बसवलेले कॅमेरे दिसायचे, आणि दस्तगीरभाई स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून कपाळाशी न्यायचे. गंमत म्हणून नव्हे, दर्ग्यासमोरून जाताना करावा तसा, मनापासून. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, पुढं कुणी ओळखीचा पोलीस उभा असेल. मान वाकडी करून बघितलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"कुणाला सलाम केलात?" मी विचारलं.

"त्येला. वर बसलाय की," दस्तगीरभाई म्हणाले. "लई वर्सं गाडी मारली साहेब. आदी ट्रक, मग ही. नीट मारतो का वाकडी, कुनी म्हनून बघितलं न्हाई. ह्यो एकटा बघायलाय. सलाम नको व्हय करायला?"

हे ऐकून कुणालाही त्या माणसाचं कौतुक वाटलं असतं. माझ्या पोटात दुखलं. कारण त्याच कमानीखालून मी आठवड्यातून एकदा-दोनदा जायचो. टॉवेलच्या कारखान्यात माल खपवायचं माझं काम, त्यामुळं पुण्याच्या व्यापाऱ्यांकडं चकरा ठरलेल्या. आणि मी गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोबाईल टुंग करायचा. चलान. गाडी नंबर अमुक, वेग तमुक, दंड भरावा. बायको शेजारी असली तर ती न बघता म्हणायची, "आलं वाटतं."

मला राग दंडाचा नव्हता, त्या मुक्या यंत्राचा होता. पूर्वी पोलीस अडवायचा. त्याच्याशी भांडता यायचं, गयावया करता यायची, सासुरवाडीकडची ओळख काढता यायची. निदान 'उशीर झाला होता हो' एवढं तरी सांगता यायचं. ह्या कॅमेऱ्याला काय सांगणार, कपाळ? मोबाईलवरून तक्रार करून बघितली. सविस्तर लिहिलं की उतार होता, मागं ट्रक होता, पुढं गाडी काढणं भाग होतं. दोन ओळींचं उत्तर आलं. पुरावा ग्राह्य, तक्रार नामंजूर. कोण म्हणालं, कुठं बसून म्हणालं, काही पत्ता नाही. मी घरात येरझाऱ्या घालत त्या न दिसणाऱ्या माणसाशी भांडत बसायचो आणि बायको शांतपणे शेंगा सोलायची.

दस्तगीरभाई होटगी रोडच्या आमच्या वसाहतीत दोन घरं सोडून राहायचे. उंच, वाळका माणूस. मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दारात तशीच पांढरी, जुनी पण आरशासारखी पुसलेली गाडी. वसाहतीतल्या कुणालाही बाहेरगावी जायचं असलं की दस्तगीरभाईच लागायचे. कुणाचं डायलिसिस, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची पत्रिका दाखवायची असली तरी हेच. त्यांची एक पद्धत होती. गाडी सुरू करण्याआधी ते मागं वळून प्रत्येकाला विचारायचे, "घाई हाय का?" कुणी चुकून 'हो' म्हणालं तर हात जोडायचे. "मग तुमी येस्टीनं जावा. मी आरामात जातो." आणि खरंच किल्ली काढून घ्यायचे. घाई असलेली माणसंसुद्धा मग निमूट 'नाही' म्हणायची.

"गाडीत मानूस बसलंय का पोतं," ते म्हणायचे, "ते डायवरच्या पायाला कळलं पायजे."

सारख्या असल्या गोष्टी बोलायचे आणि लोक माना डोलवायचे. मी पण गाडी चालवतो, पण माझं वाक्य कधी कुणी दुसऱ्याला सांगितलेलं मला आठवत नाही.

आता खरं दुखणं सांगतो. माझी बायको सुमन मोहोळची. तिची आई पडल्यापासून अंथरुणावर होती, म्हणून सुमन दर गुरुवारी मोहोळला जायची, आणि जायची ती दस्तगीरभाईंच्या गाडीतून. गुरुवारी मी कारखान्यात असतो हे कारण एक वेळ मान्य. पण मी रजा काढली त्या गुरुवारीही तिनं त्यांनाच सांगितलेलं. मी म्हणालो, "घरात गाडी आहे, नवरा आहे, शेजाऱ्याला कशाला त्रास?" ती म्हणाली, "त्यांना त्रास नाही होत." म्हणजे कुणाला होतो ते मी समजून घ्यायचं.

एकदा हट्टानं तिला माझ्या गाडीत बसवलं. जाईपर्यंत तिनं दारावरचं हँडल सोडलं नाही. पुढं टेम्पो दिसला की तिचा उजवा पाय खाली काहीतरी दाबायचा. 'अहो' एवढाच शब्द ती वेगवेगळ्या सुरांत म्हणत होती. मोहोळला पोचलो तेव्हा सासूबाईंपेक्षा हिचाच चेहरा आजारी दिसत होता. आणि पुढच्याच महिन्यात एका लग्नाला आम्ही दोघं दस्तगीरभाईंबरोबर गेलो, तर शहराची हद्द संपायच्या आत बाईसाहेब मागच्या सीटवर झोपलेल्या. अशी तशी नाही, तोंड उघडं ठेवून, घोरत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या गाडीत ही बाई एक डुलकी म्हणून घेत नाही, आणि परक्या माणसाच्या भरवशावर खुशाल घोरते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दस्तगीरभाई आरशातून बघून हळूच म्हणाले, "झोपू द्या भाभीला. दमल्यात." माझी बायको दमलीय हे मला त्यांनी सांगायचं.

मला फार काही नको होतं. माझ्या शेजारी ती एकदा निर्धास्त बसावी, एवढंच. पण ते तोंडानं मागता येत नाही. मग माणूस दुसऱ्याची खोडी शोधतो, तशी मी शोधली. चलानच्या त्या ॲपमध्ये कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की थकलेला दंड दिसतो. मी दर महिन्याला दस्तगीरभाईंच्या गाडीचा नंबर टाकून बघायचो. एखादा सिग्नल तोडलेला, एखादी गाडी चुकीच्या जागी लावलेली, काहीही चाललं असतं. दर महिन्याला तेच उत्तर, काही आढळले नाही. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा आला तर तो तरी बिघडलेला असावा असं मला वाटायचं. तोही उत्तम असायचा. दोन वाट्या खाऊन मी चिडायचो.

मग एका उन्हाळ्यात त्यांची गाडी दारातच उभी राहायला लागली. विचारलं तर म्हणाले, "गिअरबॉक्सचं काम निघालंय." वसाहतीतल्या लोकांची पंचाईत झाली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सुमन गुरुवारी मोहोळला कशी जाते हेही मी खोदून विचारलं नाही, बसनं जात असेल असं धरून चाललो. संध्याकाळी ती 'जाऊन आले' म्हणायची आणि चेहऱ्यावर कसलासा तजेला असायचा. माझ्या गाडीतलं पेट्रोल तेव्हा जरा लवकर संपायला लागलं होतं. पंपवाला माप मारतो असा मला संशय होता.

अशात ते चलान आलं. माझ्याच गाडीचं. मोहोळच्या अलीकडची जागा, गुरुवार, भर दुपार, वेग एकशे बारा. मी तीनदा वाचलं आणि मग जो आनंद झाला तो सांगता येत नाही. कारण त्या गुरुवारी मी नेहमीसारखा स्कूटरवरून कारखान्यात गेलो होतो आणि गाडी घरी होती. सकाळी जिथं लावलेली तिथंच संध्याकाळी. इतके दिवस जे म्हणत होतो ते सिद्ध झालं होतं. कॅमेरा चुकतो. फोटोची लिंक दाबली तर नुसतं गोल फिरत राहिलं, पण मला फोटो बघायची गरजच नव्हती.

"भरून टाका की," सुमन म्हणाली. "उगाच कटकट."

"एक रुपया भरणार नाही. आता मी ह्यांना दाखवतोच."

ती काहीतरी बोलणार होती, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. मला साक्षीदार हवा होता. गुरुवारी दिवसभर घरी असलेला, माझी गाडी दारात उभी बघितलेला, आणि ज्याच्या नावावर एकही चलान नाही असा. मी तडक दस्तगीरभाईंच्या दारात गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दाढीवरून हात फिरवला.

"भरून टाका साहेब," तेही म्हणाले. "पायजे तर मी भरतो."

"तुम्ही कशाला? तुम्ही फक्त चला आणि सांगा, गाडी दारात होती का नाही."

"मी येतो," ते म्हणाले. "पन सांगनार काय न्हाई."

त्यांची ही नेहमीची सावध बोलायची पद्धत असेल असं मला वाटलं. स्कूटरवर मागं बसवून त्यांना वाहतूक शाखेत घेऊन गेलो.

तिथं एक हवालदारबाई संगणकापुढं बसल्या होत्या. मी भाषण तयार करूनच गेलो होतो. नागरिक, अन्याय, यंत्र, माणुसकी, सगळं बोललो. रांगेतले दोघं-तिघं 'बरोबर आहे' म्हणाले, त्यामुळं आवाज आणखी चढला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, नंबर टाकला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडं फिरवला.

गाडी माझी होती. पुढच्या काचेला मीच लावलेला कारखान्याचा स्टिकर होता. स्टिअरिंगवर सुमन. तिचा पदर वाऱ्यानं खांद्यावरून उडालेला, दात दिसतील एवढी ती हसत होती. आणि तिच्या शेजारी, डाव्या सीटवर ताठ बसून, हात कपाळाला लावलेले दस्तगीरभाई.

"गाडी तुमचीच ना?" बाई म्हणाल्या.

"हो."

"ह्या कोण?"

"माझी बायको."

"आणि हे शेजारी कोण?"

मागून दस्तगीरभाईंचा आवाज आला, "म्या हाय, बाई."

बाईंनी एकदा फोटोकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. "सलाम कुणाला करायलाय?"

"तुमालाच की."

सगळी रांग हसली. मगाशी 'बरोबर आहे' म्हणणारेही हसले. मला त्या क्षणी काय काय वाटलं ते सगळं सांगण्यासारखं नाही, पण एक सांगतो. लाज नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की सुमन माझ्याबरोबर असताना अशी शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. आणि दुसरं, माझ्या नावावरचा वेगाचा सगळ्यात मोठा आकडा एकशे नऊ होता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. दस्तगीरभाईच बोलले.

"डोळं गेलं साहेब. एकानं दिसतच न्हाई. दुसऱ्यात बी धुकं हाय."

"कधीपासून?"

"डाक्टरनं नंतर सांगितलं. मला आदी कळलं. एक दिवस कमान आली, हात वर केला, आन कॅमेराच दिसंना. अंदाजानं सलाम केला. त्या दिवशी गाडी घरी आनली आन किल्ली खुंटीला लावली. गिअरबॉक्सला काय बी झालेलं न्हाई." त्यांनी चहा बशीत ओतला. "भाभीला मोहोळला कोन नेनार, म्हनून म्हनलं, तुमीच शिका. दुपारी मेकॅनिक गाडी विमानतळाच्या मागं न्यायचा, तिथं माज्या गाडीवर शिकवलं. लायसन काडलं त्यांनी पक्कं. मग म्हनलं, आता घरच्या गाडीची सवय करा."

"मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हनलं, नक्को. डायवरचं डोळं गेलं हे चार लोकात कळलं की तो डायवर राहात न्हाई. भाभीनं कुनाला सांगितलं न्हाई."

"मी कुणाला सांगितलं असतं? मी नेलं असतं तिला मोहोळला."

"हौ. नेलं असतं तुमी," दस्तगीरभाई म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. पुढचं न बोललेलं मला नीट ऐकू आलं आणि राग पुन्हा वर चढला.

"आणि एकशे बारा? तुम्ही शेजारी असताना? लोकांना घाई असली तर किल्ली काढून घेता, आणि हिला अडवलं नाहीत?"

ते पहिल्यांदाच जरा ओशाळले. "रस्ता मोकळा होता. भाभी म्हनल्या, आमचे हे एवढे पळवतात, त्यात काय मजा असती ते मला एकदा बघायचंय. मी म्हनलं, बघा. पळवली त्यांनी. मग हसायल्या. म्हनल्या, एवढंच व्हय?"

म्हणजे दोघं मिळून माझ्यावरच हसत होते. दंड मी तिथंच भरला.

घरी आलो तर सुमन दारातच उभी होती. सगळं कळलं हे तिनं माझ्या चपला काढण्यावरून ओळखलं. मी ओरडायचं ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "माझ्याकडून का नाही शिकलीस?"

"तुम्ही शिकवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही ओरडता."

"ते काय ओरडत नाहीत कधी?"

"माझ्या हातून गाडी गटारात गेली होती त्यांची. तर म्हणाले, गटार कुठं आहे ते कळलं, बरं झालं."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, तर त्याचंही तिला काही विशेष वाटलं नाही. मला वाटतं, तेवढा वेळ तिला शांतता मिळाली.

त्यानंतर लपवाछपवी संपली. गुरुवारी सुमन माझी गाडी काढायची, दस्तगीरभाई डाव्या सीटवर बसायचे. दिसत नसलं तरी बसायचे. मी एकदा टोमणा मारला, "तुम्हाला दिसत नाही, मग बसून करता काय?" म्हणाले, "भाभी चालवतात, मी भीत न्हाई. ह्येच माजं काम." त्यांनी पांढरी गाडी विकून टाकली तेव्हा तिला न्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी आधी विचारलं, "घाई हाय का?" तो नाही म्हणाल्यावरच किल्ली दिली. मी ते गॅलरीतून बघत होतो. त्या दिवशी मात्र मला हेवा वाटला नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही. संध्याकाळी सुमननं त्यांच्यासाठी म्हणून वेगळा डबा भरलेला बघितला आणि माझं नेहमीचं सुरू झालं.

गेल्या हिवाळ्यात दस्तगीरभाई वारले. दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अख्खी वसाहत लोटली. कब्रस्तानात मी मातीला गेलो, जनाज्याला खांदाही दिला. सुमन त्यांच्या घरी त्यांच्या बायकोपाशी बसून होती. माणूस गेला, आता तरी माझं जळणं थांबेल असं वाटलं होतं.

पुढच्या गुरुवारी सुमननं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "आज तुम्ही चला. माझ्यानं नाही व्हायचं." मी कारखान्यात फोन केला आणि निघालो. ती शेजारी बसली आणि शहर सुटल्यापासून रडायला लागली. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. पदरानं पुसायची, परत यायचं. माझी सासू इतकी वर्षं अंथरुणावर आहे, पण तिच्यासाठीही सुमन अशी रडताना मी पाहिली नव्हती. शेवटी मला राहवलं नाही. सांगायला लाज वाटत नाही, गेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला.

"सुमन, मी गेल्यावर रडशील का गं एवढी?"

तिनं नाक पुसलं. खिडकीबाहेर उसाची ट्रॉली चालली होती, तिच्याकडं बघत राहिली.

"तुमच्यासाठी रडून झालंय माझं," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही पुण्याला जायचा तेव्हा. दर वेळी. यायची वेळ टळली की पायरीवर येऊन बसायचे. गाडीचा आवाज येईपर्यंत जीव नुसता टांगणीला. दस्तगीरभाई बघायचे तिकडून. येऊन खालच्या पायरीवर बसायचे. म्हणायचे, भाभी, रडू नका, साहेब येतात. साहेबांचा हात चांगला हाय."

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "असं म्हणायचे ते? माझा हात चांगला आहे म्हणून?"

"हो. दर वेळी."

"आणि तुला पटायचं?"

"नाही," सुमन म्हणाली. "पण ते म्हणाले की मी आत जाऊन तुमच्या भाकरी टाकायला घ्यायचे."